मंदिराची रचना वाचताना : कोण कुठे थांबतो आणि भार कोणावर येतो

पुण्यातील एका बायबल अभ्यासगटाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. निवासमंडप (मोशेच्या काळातील तंबूचे फिरते उपासनास्थळ) आणि यरुशलेमचे मंदिर यांची पानेच्या पाने भरून दिलेली मापे आजच्या ख्रिस्ती माणसाने कशासाठी वाचावीत? ख्रिस्तामध्ये मंदिराचे प्रयोजन पूर्ण झाले असेल, तर त्या रचनेतून शिकण्यासारखे काय उरते? आणि आपल्या भोवतालची पाताळेश्वरासारखी प्राचीन देवळे पाहून काही शिकणे श्रद्धेला सोडून होते का? मी धर्मशास्त्राचा प्राध्यापक नाही. जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचे आणि दुरुस्तीचे काम करणारा वास्तुविशारद आहे आणि रविवारी चर्चच्या बाकावर बसणारा एक सभासद आहे. त्यामुळे माझे उत्तर वास्तूकडून शास्त्राकडे जाणारे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

थोडक्यात उत्तर असे, की कोणत्याही मंदिराच्या आराखड्याला दोन प्रश्न विचारावेत : येथे कोणाला कोणत्या उंबऱ्यावर थांबवले आहे, आणि या वास्तूचा भार कशावर व कोणावर आला आहे. या दोन प्रश्नांच्या आधारे निर्गम, १ राजे, शुभवर्तमाने आणि पौलाची पत्रे वाचली, तर मापांचे ते रुक्ष अध्याय बोलू लागतात.

याउलट जी पद्धत आपल्याकडे प्रवचनांतून रूढ आहे, तिच्याविषयी मी साशंक आहे. निळा रंग म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, बाभळीचे लाकूड म्हणजे मनुष्यस्वभाव, तंबूची प्रत्येक मेख म्हणजे अमुक सद्गुण, असा प्रत्येक कडी-कोयंड्याला अर्थ चिकटवत गेले, की ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण इमारत म्हणून ती रचना काय करत होती, हे कोणी पाहतच नाही. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात दीपवृक्ष, मेज, धूपपात्र, कराराचा कोश (आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवण्याची पेटी) आणि करूब (पंख असलेल्या स्वर्गीय आकृती) यांची यादी दिल्यावर लेखक स्वतःच म्हणतो, की यांविषयी आता एकेक करून सांगता येत नाही, आणि तो तडक मुद्द्यावर येतो : आतल्या खोलीत कोण, केव्हा आणि काय घेऊन जात असे. त्या लेखकाने जिथे हात आवरला, तिथे आपणही आवरावा.

आता रचना पाहू. निवासमंडपाचे अंगण शंभर हात लांब आणि पन्नास हात रुंद. एक हात सुमारे ४५ सेंटीमीटरचा धरला, तर हे ४५ मीटर बाय साडेबावीस मीटर होते, म्हणजे आपल्या एखाद्या शाळेच्या पटांगणाएवढेही नाही. त्याचे एकुलते एक प्रवेशद्वार पूर्वेला. अंगणाच्या खांबांच्या उथळ्या, म्हणजे तळाच्या बैठका, पितळेच्या, मंडपाच्या फळ्यांच्या उथळ्या चांदीच्या, आणि आतील फळ्या, मेज, कोश हे सारे सोन्याने मढवलेले. अंगणात उघडे आकाश, पवित्रस्थानात, म्हणजे मंडपाच्या पहिल्या खोलीत, सात दिव्यांचा उजेड, परमपवित्रस्थानात, म्हणजे आतल्या खोलीत, दिव्याची तरतूदच नाही. माणसेही त्याच क्रमाने कमी होत जातात : अंगणापर्यंत अर्पण घेऊन येणारा इस्राएली, पुढे फक्त याजक, आणि अगदी आत वर्षातून एका दिवशी एकटा प्रमुख याजक. धातू मौल्यवान होत जातो, उजेड कमी होतो आणि माणसे गळत जातात. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने सरकवणे हे जाणत्या रचनाकाराचे काम आहे.

हा क्रम कागदावर कळतो, अंगाला मात्र कळत नाही. तो कळावा म्हणून मी विद्यार्थ्यांना जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराकडे पाठवतो. राष्ट्रकूट काळात, साधारण आठव्या शतकात, एकाच बसाल्टच्या खडकातून वरून खाली कोरत नेलेली ही लेणी. रस्त्यावरच्या वाहनांच्या गोंगाटातून आपण खालच्या पातळीवरील अंगणात येतो, गोल छत्रीसारख्या नंदीमंडपाला वळसा घालतो, मग जाड चौकोनी खांबांच्या सभामंडपात शिरतो. तिथे तापमान जाणवण्याइतके उतरते, रस्त्याचा आवाज मागे राहतो, आणि मागच्या भिंतीतील गाभाऱ्यांपाशी डोळे अंधाराला सरावायला क्षणभर थांबावेच लागते. कोणी ‘शांत रहा’ अशी पाटी लावलेली नसताना माणसे आपोआप हळू बोलू लागतात. निवासमंडप, शलमोनाचे मंदिर आणि ही लेणी यांचा काळ वेगळा, देश वेगळा, श्रद्धाही वेगळी. पण शरीराला हळूहळू सावध करत नेण्याची युक्ती तीच आहे. ज्या ख्रिस्ती उपासनेत माणूस पार्किंगमधून थेट खुर्चीवर आणि खुर्चीवरून थेट पहिल्या गीतात जाऊन पडतो, तिथे ही मधली पायरी हरवलेली असते, असे माझे मत आहे.

भाराचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. निर्गम ३८ मध्ये एक जमाखर्च दिला आहे, तो बहुतेक वाचक ओलांडून जातात. वीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषामागे अर्धा शेकेल (त्या काळचे एक वजन) चांदी घेतली गेली. मोजलेले पुरुष ६,०३,५५०. म्हणजे एकूण ३,०१,७७५ शेकेल. एका किक्कारात ३,००० शेकेल, तेव्हा ही रक्कम शंभर किक्कार आणि वर १,७७५ शेकेल अशी बसते. या शंभर किक्कारांच्या शंभर उथळ्या ओतल्या. अठ्ठेचाळीस फळ्यांखाली प्रत्येकी दोन प्रमाणे शहाण्णव, आणि अंतरपटाच्या, म्हणजे दोन खोल्यांमधल्या पडद्याच्या, चार खांबांखाली चार. उरलेल्या १,७७५ शेकेलांतून खांबांच्या आकड्या, बांधपट्ट्या आणि वरची मढवण झाली. हिशेब पैपर्यंत जुळतो. एक किक्कार तीस किलोंहून अधिक वजनाचा, त्यामुळे प्रत्येक उथळी दोन माणसांनी उचलावी अशी होती. वाळवंटातील वाळूवर उभी लाकडी चौकट स्थिर ठेवायला तळाशी असेच वजन लागते.

ही चांदी आली कुठून, हे महत्त्वाचे आहे. सोने आणि पितळ लोकांनी स्वेच्छेने दिले. ज्याच्या मनाला वाटले त्याने आणले. चांदीच्या बाबतीत मात्र निर्गम ३० मधील नियम स्पष्ट आहे, की श्रीमंताने अर्ध्या शेकेलाहून अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये. म्हणजे जे डोळ्यांत भरते, ते ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि इच्छेप्रमाणे. पण जे जमिनीला टेकलेले आहे आणि ज्यावर सारे उभे आहे, ते सगळ्यांचे अगदी सारखे. कोणत्या उथळीत कोणाची चांदी वितळली, हे सांगण्याची सोयच ठेवलेली नाही.

याच्या शेजारी लोणावळ्याजवळील कार्ल्याचा चैत्य ठेवून पाहावा. तो बौद्ध, जवळपास दोन हजार वर्षांचा, आणि आपल्याला तासा-दीड तासाच्या अंतरावर. त्याच्या खांबांवर दात्यांचे लेख कोरलेले आहेत, आणि त्यांत धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत, म्हणजे परदेशी मूळ असलेल्या लोकांनीही खांब दान केले. कोणी काय दिले याची ही नोंद इतिहासकाराला सोन्यासारखी आहे, आणि परक्या माणसाचे नाव गाभ्यापर्यंत पोहोचू शकले ही त्या वास्तूची थोरवी आहे. तरी चर्चच्या बाकांवर, पंख्यांवर आणि वेदीच्या पायरीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशा संगमरवरी पाट्या वाढत चाललेल्या पाहिल्या, की मला त्या निनावी चांदीची आठवण होते. पाट्या लावू नयेत असे मी म्हणत नाही, जुन्या पाट्या तर मीच जपून ठेवायला सांगतो. फक्त जोत्यावर कोणाचे नाव कोरू नये.

त्या शिरगणतीत स्त्रिया नव्हत्या, हेही नजरेआड करू नये. त्यांचा वाटा दुसरीकडे सापडतो. निर्गम ३८:८ सांगते, की याजकांनी हातपाय धुण्याचे पितळी गंगाळ दर्शनमंडपाच्या, म्हणजे याच निवासमंडपाच्या, दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांच्या पितळेचे केले होते. ज्यांना आत जाता येत नव्हते, त्यांच्या आरशांतून हात धुतल्याशिवाय आत जाणाऱ्यालाही जाता येत नव्हते.

शलमोनाच्या मंदिराकडे वळू. साठ हात लांब, वीस हात रुंद, तीस हात उंच; म्हणजे साधारण २७ मीटर बाय ९ मीटर. पुण्यातील अनेक चर्च याहून मोठी आहेत. पुढे देवडी, मग मोठी खोली, मग वीस हातांचे घनाकृती परमपवित्रस्थान, अशी तीन भागांची सरळ रांग. हा आराखडा स्वर्गातून उतरलेला आणि जगात एकमेव होता, असे समजणाऱ्यांना पुरातत्त्वाने थोडे नम्र केले आहे. तुर्कस्तानातील तेल तायिनात आणि उत्तर सीरियातील ऐन दारा येथे जवळपास याच पद्धतीची मंदिरे सापडली. शलमोनाचे कारागीर शेजारच्या सोर नगराचे होते, तेव्हा शेजाऱ्यांची रीत त्यांच्या हातात असणे स्वाभाविक होते. ऐन दाराच्या उंबऱ्यांवर सुमारे एक मीटर लांबीची अनवाणी पावले कोरली होती : आधी दोन पाय जोडीने, पुढे डावा, मग आतल्या उंबऱ्यावर उजवा, जणू एखादी राक्षसी उंचीची देवता आत चालत गेली आहे. २०१८ च्या जानेवारीत हवाई हल्ल्यात त्या मंदिराची मोठी हानी झाली.

आराखडा सारखा असताना फरक कुठे होता? आतल्या खोलीत. तिथे मूर्ती नव्हती. करुबांच्या पंखांखाली कोश, आणि कोशात, १ राजे ८ म्हणते, दोन दगडी पाट्यांखेरीज दुसरे काही नव्हते. आणि त्याच अध्यायात शलमोन समर्पणाच्या प्रार्थनेत म्हणतो, की आकाश आणि नभोमंडळ यांत तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घरात कसा मावशील? ऐन दाराची पावले सांगतात, की देवता आत आली आणि इथेच आहे. शलमोनाची प्रार्थना आपल्याच इमारतीवर मर्यादा घालते. पुढे इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे दुसऱ्या, म्हणजे शलमोनाचे पडल्यावर पुन्हा बांधलेल्या, मंदिराच्या परमपवित्रस्थानात शिरला, तेव्हा त्याला तिथे कोणतीही प्रतिमा दिसली नाही, आणि रोमन लेखकांना याचे मोठे नवल वाटले. बाहेरचे रूप उसने घेऊनही आतला आशय स्वतःचा ठेवता येतो, याचे उदाहरण पुण्यातच हवे असेल तर कॅम्पातील लाल देऊळ पाहावे. डेव्हिड ससून यांनी बांधवलेले, १८६७ मध्ये पूर्ण झालेले हे सिनेगॉग उंच मनोऱ्यामुळे आणि गॉथिक शैलीमुळे नवख्याला हमखास चर्च वाटते.

शलमोनाच्या बांधकामातील एक बारकावा माझ्या धंद्यातील माणसाला फार आवडतो. मंदिराच्या तीन बाजूंना तीन मजली कोठड्या होत्या. खालचा मजला पाच हात रुंद, मधला सहा, वरचा सात. वर जाताना खोली रुंद कशी होते? मुख्य भिंत प्रत्येक मजल्याला एक हात आत घेतली होती, आणि त्या पायरीवर तुळया नुसत्या टेकवल्या होत्या, जेणेकरून मंदिराच्या भिंतीला भोक पाडून तुळई आत घुसवावी लागू नये (१ राजे ६:६). पेठांतील वाडे दुरुस्त करताना तुळईचे भिंतीत गाडलेले टोक हेच आम्ही सर्वांत आधी टोकरून पाहतो, कारण ओल तिथेच धरते, लाकूड तिथेच कुजते आणि मग भिंतही फुगते. या कोठड्यांत भांडार होते. ते मंदिराला टेकून होते, पण मंदिराच्या भिंतीत घुसलेले नव्हते. आता मी वर नाकारलेलीच गोष्ट क्षणभर करतो : आपल्या चर्चभोवतीच्या शाळा, ट्रस्ट, भाड्याने दिलेले हॉल आणि मालमत्तेचे दावे यांनी उपासनेला टेकावे, तिच्या भिंतीत तुळया रोवू नयेत. हा अर्थ शास्त्राने सांगितलेला नाही, माझा आहे. पटला तर घ्यावा.

याच अध्यायातील पुढची ओळ प्रवचनांत नेहमी येते. दगड खाणीतच घडवून आणले होते, त्यामुळे घर बांधले जात असता हातोडा, कुऱ्हाड किंवा कोणतेही लोखंडी हत्यार यांचा आवाज तिथे ऐकू आला नाही. देव मनुष्याला निःशब्दपणे घडवतो, असा बोध यावरून काढला जातो. पण दगड घडवणाऱ्या पाथरवटांबरोबर काम केलेल्या कोणालाही पुढचा प्रश्न सुचेल : मग तो आवाज गेला कुठे? तो खाणीत होता. आणि खाणीत कोण होते, हे आदल्याच अध्यायात लिहिले आहे. सगळ्या इस्राएलातून वेठीला धरलेले तीस हजार, महिन्याला दहा हजार या पाळीने लबानोनात. त्याखेरीज सत्तर हजार ओझी वाहणारे आणि ऐंशी हजार डोंगरात दगड फोडणारे. मंदिराला सात वर्षे लागली आणि त्यानंतर राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा. शलमोन मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे गेले ते हेच मागणे घेऊन, की तुझ्या बापाचे जू हलके कर. त्याने नकार दिला, राज्य दुभंगले, आणि वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला लोकांनी दगडमार करून ठार केले. जिथे उपासक उभा राहतो ती जागा शांत आहे एवढ्यावरून बांधकाम पवित्र ठरत नाही. चर्चचा जीर्णोद्धार काढणाऱ्या प्रत्येक समितीने हे दोन अध्याय एकत्र वाचावेत आणि मग कंत्राटदाराला मजुरांची हजेरी, मजुरी आणि परांचीवर चढणाऱ्यांचे सुरक्षा-पट्टे यांविषयी विचारावे. माझ्या दृष्टीने हा आध्यात्मिक विषय आहे.

आता थांबवण्याचा प्रश्न. हेरोद राजाने विस्तारलेल्या या दुसऱ्या मंदिराच्या बाहेरील विशाल अंगणात कोणालाही येता येई. पण आत जाताना एक दगडी कठडा लागे. पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार योसेफसच्या वर्णनानुसार तीन हात उंच, म्हणजे छातीपर्यंत येणारा. त्यावर ठरावीक अंतराने सूचनेचे दगड बसवले होते. त्यांतील एक पूर्ण दगड १८७१ मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच विद्वानाला यरुशलेमात सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. रुंदी जेमतेम ८५ सेंटीमीटर, ग्रीक अक्षरांच्या सात ओळी, आणि आशय असा : कोणाही परक्याने मंदिराभोवतीच्या कठड्याच्या व आवाराच्या आत येऊ नये, जो पकडला जाईल, तो आपल्या मृत्यूला स्वतःच जबाबदार राहील. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये पौलाला जमावाने पकडले ते याच कारणाने. त्रफिम नावाच्या इफिसकराला त्याने आत आणले, असा आळ होता. आणि इफिसकरांस पत्रात लिहिले आहे, की ख्रिस्ताने यहूदी आणि परके या दोघांना एक केले आणि मधली आडभिंत पाडली. पत्र पौलाचे मानले, तर ते लिहिले तेव्हा तो कठडा आणि तो सातओळी दगड जागेवर शाबूत होता, इ. स. ७० पर्यंत तो पडायचा नव्हता. उभ्या भिंतीला ‘पाडलेली’ म्हणणे, हे मला सगळ्या नव्या करारातील सर्वांत धीट वास्तुविधान वाटते.

मराठी वाचकाला हा कठडा परका नाही. पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, आत नाही. पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी पुण्यात १९२९ मध्ये सत्याग्रह झाला, १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा, आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले. हे वाचून ख्रिस्ती माणसाने मान ताठ करण्याचे कारण नाही. भारतातील कित्येक चर्चमध्ये जातीप्रमाणे बसण्याच्या जागा आणि दफनभूमी वेगळ्या होत्या, आणि आजही लग्न जुळवताना ती आडभिंत कुठे उभी आहे, हे आपल्याला ठाऊक असते. इफिसकरांस पत्र मुखोद्गत असलेल्या घरांतही.

अंतरपटाविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर सर्वाधिक बोलले जाते. येशूच्या मृत्यूच्या वेळी तो वरपासून खालपर्यंत फाटला, आणि इब्री १० म्हणते, की आता आपल्याला आत जाण्याचे धैर्य आहे. मात्र तेच पत्र लगेच म्हणते, की शुद्ध अंतःकरणाने व धुतलेल्या शरीराने जवळ येऊ. म्हणजे दार उघडले तरी उंबरा उरला आहे. प्रकटीकरण २१ मध्ये नव्या यरुशलेमची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच दिली आहे, आणि त्यात मंदिर नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मापे वाचण्याची सवय असलेल्याला तिथे एकदम कळते, की वीस हातांची ती एकट्या प्रमुख याजकाची घनाकृती खोलीच अख्ख्या नगराएवढी झाली आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे आहे. पाताळेश्वराला जावे, कार्ल्यालाही जावे. ती इतरांची उपासनास्थळे आहेत हे जाणून, चपला काढून, पूजा चालू असेल तर बाजूला उभे राहून. पाहण्याने श्रद्धा डळमळत नाही. पुण्याच्या सिटी चर्चची जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली आहे, हे आपण विसरत नाही, तर शेजाऱ्याच्या वास्तूकडून शिकायला संकोच कसला? फक्त तिथल्या मूर्तींवर आणि विधींवर ख्रिस्ती अर्थ लादू नये. रचना पाहावी, अर्थ त्यांचा त्यांच्याकडे ठेवावा.

अभ्यासगटाने हे सारे आपल्या चर्चला लावून पाहायचे ठरवले, तर सुरुवात दारापासून करावी. मत्तय २१ मध्ये येशूने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथले, त्यानंतरचेच वचन असे आहे, की आंधळे आणि लंगडे मंदिरात त्याच्याकडे आले. आपल्या बहुतेक जुन्या चर्चना चार-पाच पायऱ्यांचे दगडी जोते असते, आणि चाकाच्या खुर्चीतील माणसाला दोघे-तिघे उचलून आत नेतात किंवा तो घरी बसतो. पंधरा सेंटीमीटरच्या पाच पायऱ्या म्हणजे ७५ सेंटीमीटर उंची. एकास बारा या उताराने तिला ९ मीटर लांबीची उतरण लागते, मधला सपाट टप्पा वेगळा. समित्या ती बहुधा मागच्या दाराशी, जनरेटरच्या शेजारी सुचवतात, दर्शनी भाग बिघडू नये म्हणून. ती मुख्य दाराशीच असावी. मूळ पायऱ्यांच्या दगडाला धक्का न लावता, बाजूने, काढता येईल अशा पद्धतीने ती बसवता येते, आणि दोन्ही बाजूंना पकडायला कठडा द्यावा लागतो, तो सुमारे ९० सेंटीमीटर उंचीचा.